जुन्या ई-सिगारेटचं आयुष्य किती?

प्रश्न : पावसाळ्याआधी माळ्यावरच्या पेट्या उन्हात घातल्या, तेव्हा पुतण्याची जुनी ई-सिगारेट सापडली. तो २०१७ साली इंग्लंडहून सुट्टीला आला होता, तेव्हाची. जाड स्टीलची, हाताला वजनदार. वर काचेची टाकी, सोबत एक जादा सेल आणि द्रवाची अर्धी बाटली. बाहेरून अगदी नवी दिसते. अशी वस्तू इतकी वर्षं टिकते का? चार्ज करून बघावी का? आणि सेल चांगले असतील तर टॉर्चला घालता येतील का? शेतावर रात्री पाणी पाजायला जावं लागतं, म्हणून विचारतो. (एक वाचक, राधानगरी)

उत्तर : आधी एक विनंती. चार्जर लावून बघायचा विचार असेल, तर हे उत्तर वाचून होईपर्यंत तो बाजूला ठेवा. का, ते पुढे येईलच.

तुमची शंका अशी, की बाहेरून इतकी धडधाकट दिसणारी वस्तू आतूनही तशीच असेल का. जाड धातूची वस्तू टिकते, असा आपला सगळ्यांचाच अनुभव आहे. राधानगरीत राहणाऱ्याला तर हे सांगायलाच नको. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या तुमच्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे दर पावसाळ्यात पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की मिटतात. त्यांना वीज लागत नाही. पाण्याचा दाब आणि प्रतिभाराचं वजन एवढ्यावर सगळं चालतं. लोखंड, काँक्रीट आणि वजन यांत झटकन विटणारं काही नाही, त्यामुळे वेळच्या वेळी डागडुजी झाली की अशी यंत्रणा पिढ्यानपिढ्या काम करते. ई-सिगारेटचं तसं नाही. तिच्या पोटात रसायनं आहेत, आणि रसायन पेटीत बंद असलं तरी त्याचं बदलणं थांबत नाही. म्हणून 'ही वस्तू किती टिकते' याचं एकच उत्तर देता येत नाही. तिच्या प्रत्येक भागाचं आयुष्य वेगळं आहे, आणि जो भाग सगळ्यांत टिकाऊ दिसतो, त्यावरून बाकीच्यांचा अंदाज करता येत नाही.

हे भाग कोणते ते पाहू. खाली सेल, त्याच्या वर एक छोटं सर्किट, मग टाकी, आणि टाकीच्या आत तारेचं वेटोळं, ज्याला कॉइल म्हणतात. कॉइलमध्ये कापसाची वात असते. वात टाकीतला द्रव शोषून घेते, बटण दाबलं की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि थंड हवा लागताच तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. ओढणाऱ्याच्या तोंडातून पांढरा लोट निघतो तो या थेंबांचा. ती नुसती पाण्याची वाफ असते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, त्यात स्वादाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन मिसळलेलं असतं. ओढणाऱ्याच्या फुप्फुसात हे सगळं जातं.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी धूर नसलेल्या सिगारेटच्या पेटंटसाठी १९६३ मध्ये अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्यांना ते मिळालं, पण ती वस्तू बाजारात चालली नाही. आज दिसते ती ई-सिगारेट चिनी औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केली. सुरुवातीच्या ई-सिगारेटी खऱ्या सिगारेटीएवढ्याच बारीक होत्या. मग पेनसारख्या आल्या आणि त्यानंतर तुमच्या पुतण्याकडे आहे तशा जाडजूड, सेल काढता येणाऱ्या. या काळातल्या वस्तू उघडून दुरुस्त करता येतील अशाच बनवल्या जात. कॉइल बदला, काच बदला, रबरी कडी बदला, सेल बदला. पुढे उलटं झालं. एकदा वापरून फेकायच्या वेपचा (ई-सिगारेटचंच हे दुसरं नाव) सुळसुळाट झाला, इतका की ब्रिटनमध्ये २०२३ च्या सुमारास दर आठवड्याला जवळजवळ ५० लाख वेप कचऱ्यात जात होते. प्रत्येकात एकेक लिथियमचा सेल. अखेर १ जून २०२५ पासून तिथं त्यांच्या विक्रीवर बंदी आली. या फेकाऊ मालाच्या तुलनेत जुन्या यंत्रांना टिकाऊ असं नाव मिळालं. ते निम्मं खरं आहे.

खरं किती, ते भागाभागानं बघू.

स्टीलचं कवच आणि काच यांना काही होत नाही. वीस वर्षांनीही ती तशीच राहतील. टाकी ज्या आट्यांवर बसते, ते आटेही बहुतेक यंत्रांत एकाच मापाचे असतात. '५१०' नावाच्या एका जुन्या ई-सिगारेटीवरून त्या मापाला तेच नाव पडलं. त्यामुळे एका कंपनीची टाकी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर बसते. रबरी कड्या मात्र काही वर्षांत कडक होतात, चिरतात आणि टाकी गळायला लागते. तुमच्या पेटीत बाटलीखेरीज कुठं चिकट डाग दिसला असेल, तर तो यामुळेच.

कॉइल हा मुळातच झिजून संपण्यासाठी केलेला भाग आहे. तिची तार बहुधा कंथाल नावाच्या मिश्रधातूची असते. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू विजेच्या शेगड्यांत आणि भट्ट्यांतही वापरतात. तार स्वतः मोठं तापमान सहज सोसते. टिकत नाही ती वात. कापूस करपतो. द्रवातली गोडी तारेवर जळून काळा थर बसतो. रोज ओढणाऱ्याची कॉइल साधारण एक ते तीन आठवड्यांत बाद होते. काही जण ती कोमट पाण्यात भिजवून, वाळवून पुन्हा घालतात. त्यानं चिकटपणा जातो, पण करपलेला थर आणि करपलेला कापूस जात नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॉइलमधली वात तर एकतर वाळून खडखडीत झालेली असते, नाहीतर जुन्या द्रवानं चिकटून बसलेली. अशी वात पुरेसा द्रव ओढू शकत नाही. मग तार कोरडीच तापते, आणि अतितापलेल्या ग्लिसरीन-ग्लायकॉलमधून फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलिन ही घातक द्रव्यं तयार होतात. ओढणाऱ्याला ते जळक्या, घसा खवखवणाऱ्या चवीवरून कळतं.

'मग कॉइल नवी घातली की झालं' असं वाटेल. तेही पुरतं खरं नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज वेप ओढणाऱ्या ५६ जणांची स्वतःची यंत्रं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू अगदी कमी होते, पण तोच द्रव कॉइलवरून गेल्यावर निघणाऱ्या फवाऱ्यात शिसं, निकेल, क्रोमियम आणि मँगनीज यांचं प्रमाण वाढलेलं होतं, म्हणजे धातू येतात ते तापणाऱ्या तारेच्या बाजूनं. शिवाय जे कॉइल वारंवार बदलत होते, त्यांच्या फवाऱ्यात धातू कमी असतील असं वाटलं होतं, तर काही धातूंचं प्रमाण तिथंच जास्त निघालं. देखभाल चांगली केली की ही वस्तू निर्धोक होते, या समजुतीला इथं धक्का बसतो. देखभालीनं गळती थांबते, चव सुधारते. फुप्फुसाचं रक्षण होत नाही.

आता बाटली. द्रवाला साधारण एक ते दोन वर्षांची मुदत असते. त्यानंतर ग्लिसरीन नासतं असं नाही, पण निकोटीन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून बदलतं आणि मूळचा पाण्यासारखा द्रव पिवळट, मग तपकिरी होतो. स्वादाची रसायनंही मोडतात. उकळून, गाळून किंवा नवीन द्रव मिसळून ते परत चांगलं होत नाही. बाटलीवरचं लेबल पुसट झालं असेल तर आत काय आहे, किती निकोटीन आहे, हे नुसतं बघून सांगणं अशक्य. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या गंभीर आजाराची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाल्याची वा दगावल्याची नोंद झाली होती, त्यांपैकी ६८ मृत्यू. त्यातला मुख्य दोष गांजाचा अर्क असलेल्या, बहुतेक चोरट्या मार्गानं आलेल्या द्रवांत मिसळलेल्या 'व्हिटॅमिन ई ॲसिटेट' या पदार्थाचा होता. तुमच्या बाटलीत तो असेल असं मी म्हणत नाही. पण आत काय आहे ते माहीत नसलेला द्रव ओढण्यात जोखीम किती असते, ते त्या वर्षानं दाखवलं.

बाटलीबद्दल खरी काळजी मात्र ओढण्याची नाही, घरातल्या लेकरांची आहे. युरोपात या द्रवात एका मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच निकोटीन चालतं. हे धरलं तरी १० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटीन झालं. एवढं लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. स्वाद फळांचा, गोळ्या-चॉकलेटचा, वास गोड. २०१४ मध्ये अमेरिकेत असा द्रव पोटात जाऊन एक वर्षाचं मूल दगावलं. शिवाय निकोटीन कातडीतूनही आत शिरतं. तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात त्या यामुळेच. राधानगरीहून निपाणी फार लांब नाही, तंबाखूच्या रानात राबलेली माणसं तुमच्या ओळखीत असतील, त्यांना विचारा. म्हणून बाटली गळत असेल तर हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला लावून उचला, हात साबणानं धुवा, आणि तोवर ती कुलपात ठेवा. कुणाच्या पोटात गेलीच, तर उलटी करवत बसू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात पाठवायची वेळ आली तरी डॉक्टरांना लेबल बघायला मिळालेलं बरं.

आता सेल. तुमचे दोन प्रश्न याच्याशीच निगडित आहेत, आणि खरा धोकाही इथंच आहे.

तुमच्या यंत्रात बहुधा '१८६५०' जातीचा लिथियम-आयन सेल असेल. नावातच माप आहे : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. हाच सेल लॅपटॉपच्या बॅटऱ्यांत आणि बाजारातल्या एलईडी टॉर्चमध्ये असतो. साधारण ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. हा सेल दोन तऱ्हांनी म्हातारा होतो. एक, वापरानं : साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामा केला की त्याची साठवण लक्षात येण्याइतकी घटते. दोन, नुसत्या काळानं : न वापरता ठेवला तरी आतल्या रसायनांत हळूहळू बदल होत राहतात, आणि उष्णतेत ते अधिक वेगानं होतात. 'वापरलाच नाही म्हणजे नवाच आहे' हा हिशेब लिथियमच्या सेलला लागू नाही. उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा किती तापतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

त्यातही यंत्रात बसलेला सेल आणि सुटा ठेवलेला सेल यांत फरक पडतो. यंत्रातलं सर्किट बंद असतानाही थोडी थोडी वीज खात राहतं. काही वर्षांत सेल पुरता निचरतो. सुटा सेल मात्र फारच हळू उतरतो. त्यामुळे तुमच्या दोन सेलांपैकी सुटा सेल अजून तग धरून असण्याची शक्यता जास्त. यंत्रातला बहुतेक गेलेला असेल.

'गेलेला असेल तर चार्ज करून परत जिवंत होईल,' असं साहजिकच वाटतं. घोटाळा इथंच होतो. सेलच्या आत तांब्याचा एक पातळ वर्ख आणि ॲल्युमिनियमचा एक वर्ख, त्यांच्यामध्ये एक बारीक पडदा, अशी गुंडाळी असते. व्होल्टेज फारच खाली जाऊन तसंच राहिलं, की तांबं आतल्या द्रवात विरघळायला लागतं. नंतर तुम्ही चार्जिंग सुरू केलंत की तेच तांबं नको त्या जागी बसतं, पडद्यातून आरपार जाऊ शकतं, आणि सेलच्या पोटातच शॉर्ट होतो. आतला द्रव ज्वलनशील आहे. एकदा उष्णता वाढायला लागली की ती उष्णताच पुढची रासायनिक क्रिया भडकवते, आणि सेल फुसफुसत वायू सोडतो, पेटतो, कधी रॉकेटसारखा उडतो. बाहेरून सेल गुळगुळीत, चकचकीत असताना हे होऊ शकतं. म्हणून वर म्हटलं, की चार्जर लावून बघू नका. 'बघू तरी, लागतोय का' म्हणून केलेला तेवढा एक प्रयोग, बाकी सगळ्या चुकांपेक्षा धोक्याचा आहे.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००९ ते २०१६ या काळातल्या, ई-सिगारेट पेटल्याच्या किंवा फुटल्याच्या १९५ घटना गोळा केल्या होत्या. त्यांत १३३ जण जखमी झाले. पुष्कळ घटना खिशात घडल्या होत्या. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर किंवा नाण्यांबरोबर राहिला, दोन्ही टोकांना धातू लागला, आणि मांडी भाजली. तेव्हा तुमचा जादा सेल आत्ता पेटीत खिळे, चाव्या, पैसे यांच्याबरोबर पडलेला असेल तर पहिल्यांदा तो वेगळा काढा.

जुन्या पेनसारख्या ई-सिगारेटींचा एक आणखी धोका सांगून ठेवतो, कारण कुणाच्या तरी घरात त्या असतील. त्यांच्यातल्या काहींत चार्जिंग थांबवण्याचं काम सेलच्या बाजूला नसून आट्यांवर बसणाऱ्या चार्जरमध्येच होतं. मूळ चार्जर हरवला म्हणून दुसराच जोडला, तर चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबेल याची खात्री नाही. आणि ज्यांच्यात सर्किटच नाही, नुसती नळी, सेल आणि बटण, अशी निव्वळ यांत्रिक यंत्रंही त्या काळात लोकप्रिय होती. त्यांत बिघडण्यासारखं काहीच नाही म्हणून जाणकार ती आयुष्यभराची म्हणून घेत. हिशेब करून बघा : भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, कॉइलचा रोध अर्धा ओहम, तर प्रवाह ८.४ अँपिअर. रोध ०.१ ओहम केला तर ४२ अँपिअर. चांगल्या कंपनीचा दणकट सेलही सतत २० ते २५ अँपिअरच्या वर सहसा सोसत नाही. थांबवणारं सर्किट नसल्यामुळे तिथं सगळी भिस्त वापरणाऱ्याच्या गणितावर. सगळ्यांत टिकाऊ यंत्र तेच, आणि सगळ्यांत धोक्याचंही तेच.

तुमच्याकडच्या पावसाचा भाग वेगळा आहे, म्हणून तोही सांगतो. राधानगरी-दाजीपूरकडे पाऊस लागला की महिनोन् महिने घरात ओल असते, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. त्या ओलीनं पितळी टोकांवर हिरवट थर चढतो, सर्किटवरचे बारीक डाख गंजतात, बटण चिकटतं. त्यात ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात. म्हणजे गळलेल्या द्रवाचा एक थेंब सर्किटवर सांडला असेल, तर तो वाळत नाही, उलट ओल धरून बसतो. काही जण अशा वस्तू तांदळाच्या डब्यात ठेवतात. तांदळानं ओल कमी होईल का, हा वेगळा मुद्दा, पण चढलेला गंज तांदूळ खाऊन टाकत नाही. आणि निकोटीन सांडलेली वस्तू खाण्याच्या तांदळात ठेवण्याचा तर विचारच करू नका. बटण गंजून दाबलेल्या स्थितीत अडकलं, तर आत सेल असताना कॉइल आपोआप तापत राहू शकते. त्यासाठी पहिलं काम, सेल बाहेर काढून ठेवणं. झाकणाचे आटे घट्ट बसले असतील तर पक्कडीनं ओढाताण नको. सेल चेपला तर तोच धोका.

आता टॉर्चचा प्रश्न. मापानं हा सेल टॉर्चमध्ये बसेल, आणि रात्री वाफ्याला पाणी पाजताना, बांधावर साप किंवा गव्याची चाहूल लागताना भरवशाचा उजेड किती लागतो, हे मी जाणतो. तरीही माझं मत 'नको' असं आहे. सुट्या सेलवरचं प्लॅस्टिकचं आवरण अखंड असेल, तो फुगलेला, चेपलेला किंवा चिकट नसेल, आणि गावातल्या वायरमनकडच्या मल्टिमीटरवर तीनाच्या बऱ्याच वर व्होल्टेज दाखवत असेल, तर तांत्रिकदृष्ट्या त्यात अजून जीव असेल. पण तो किती वेळा भरला-उतरला, किती तापला, इंग्लंडात कुणाच्या हातून पडला होता का, याची काहीच माहिती आपल्याला नाही. नवा सेल फार महाग नाही. घेताना एवढं बघा : सेलवर ९,८०० किंवा १२,००० एमएएच असा आकडा छापलेला असेल तर तो खोटा आहे. नामांकित कंपन्यांचे या मापाचे सेल साधारण ३,००० ते ३,५०० एमएएचचे असतात. आणि चार्जिंग रात्रभर उशाशी किंवा गवताच्या गंजीजवळ लावून ठेवू नका. जमिनीवर, फरशीवर, डोळ्यांसमोर.

चुकून एखादा सेल धुरावलाच, तर चार्जरचं बटण आधी बंद करा, माणसं बाहेर काढा, धूर छातीत घेऊ नका. एवढ्या छोट्या लिथियम-आयन सेलवर भरपूर पाणी मारलेलं चालतं, किंबहुना तेच त्याला थंड करतं.

राहिला कायदा. बाहेर देशात ही यंत्रं वापरणारे कॉइल, कड्या, सेल बदलून ती चालू ठेवतात. आपल्याकडे ते शक्यच नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. केंद्र सरकारनं १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांवर बंदी आहे, आणि ही बंदी पूर्ण वस्तूइतकीच तिच्या सुट्या भागांनाही लागू आहे. निकोटीन नसलेला द्रव असला तरी सुटका नाही, ई-हुक्काही त्यातच येतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवू दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी वेगळं शिक्षेचं कलम त्यात नाही. पण 'कोल्हापुरात कुणाकडे तरी कॉइल मिळेल' असं कुणी सांगितलं, तर तो विकणारा गुन्हा करतो आहे, आणि त्याचा माल कुठून आला याचा पत्ता नाही, हे ध्यानात घ्या. 'बिडी-सिगारेट उघड विकतात, मग हिच्यावरच बंदी का' असंही लोक विचारतात. संसदेत सरकारचं म्हणणं होतं की तरुण पिढीत नवं व्यसन रुजण्याआधीच ते रोखायचं. बिडी घातक नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग पेटीतल्या वस्तूचं करायचं काय? घरच्या कचऱ्यात, शेणखताच्या उकिरड्यावर, चुलीत किंवा भोगावतीच्या पात्रात नको. भंगारवाल्यालाही अख्खी देऊ नका, कारण भंगारात ती ठेचली जाते आणि ठेचलेला सेल पेटतो. २०१९ च्या कायद्यानं त्या वेळी लोकांकडे असलेल्या साठ्याची यादी करून तो जवळच्या अधिकृत अधिकाऱ्याकडे जमा करायला सांगितलं होतं. असा अधिकारी म्हणजे पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा. तुमच्याकडे एकच जुनी वस्तू आहे, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. तरी सरळ मार्ग म्हणजे राधानगरी पोलीस ठाण्यात फोन करून सापडल्याची हकिगत सांगणं आणि यंत्र व बाटली कशी जमा करायची ते विचारणं. सेलांसाठी २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत. त्यांत वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकली आहे. दोन्ही सेलांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, प्रत्येक सेल वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत घाला, डबी कोरड्या, थंड जागी ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात किंवा मोहिमेत द्या. सेल फुगलेला असेल तर डबी घराबाहेर, पत्र्याच्या भांड्यात वाळू घालून तिच्यात ठेवा, आणि देताना तो फुगलाय हे तोंडानं सांगा.

पुतण्या अजूनही इंग्लंडात असेल आणि पुढच्या सुट्टीला येताना नवं यंत्र सोबत आणायचं म्हणत असेल, तर त्याला आधीच कळवा, की आयातीची बंदी प्रवाशाच्या सामानातल्या वस्तूलाही लागू आहे, विमानतळावर ती काढून घेतली जाऊ शकते. त्याला ती सोडायची इच्छा असेल, तर इथं आल्यावर १८००-११-२३५६ या केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो. तुमच्या घरात कुणी बिडी ओढत असेल किंवा मिश्री लावत असेल, तर त्यांनाही याच क्रमांकावर बोलता येईल.